एक डिसेंबरच्या आधी

१

मंगळवार, २१ नोव्हेंबर २००६. सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी कायझर्सलाउटर्नमधल्या एका अन्नसंशोधन संस्थेच्या तळघरात सिद्धेश वासुदेव जमदाडे हा संशोधक मृतावस्थेत आढळला. वय एकतीस. मूळ गाव तासगाव, जिल्हा सांगली. मागे पत्नी ऋचा आणि चार वर्षांची मुलगी उर्जा.

संस्थेच्या हाउसमाइस्टरनं, म्हणजे इमारत सांभाळणाऱ्या माणसानं, त्याला जिन्यावरून पाहिलं. तो खाली उतरायला लागला, त्याचं डोकं गरगरलं आणि तो मागे फिरला. त्यामुळे तो वाचला. अग्निशमन दलाचे लोक मुखवटे लावून खाली गेले. तळघराचा शेवटचा भाग खोलगट आहे आणि तिथे कार्बन डायऑक्साइड साचलेला होता.

सिद्धेश डीप फ्रीझरपाशी पडला होता. फ्रीझरचं झाकण उघडं होतं आणि आत काही नव्हतं. हाताशी स्टीलचं एक वाडगं होतं. चार पावलांवर तीन नंबरची टाकी होती आणि तिच्यात द्राक्षांचा गडद रस आंबत होता.

ही टाकी त्या दिवशी रिकामी असायला हवी होती. संस्थेत काही वर्षांपासून एकच प्रकल्प चालू होता. इटलीत व्हेरोनाच्या उत्तरेला वालपोलिचेल्ला नावाचा डोंगराळ भाग आहे. तिथे द्राक्षं तोडून महिनोन्‌महिने माळ्यावर सुकवतात आणि मग त्यांची आमारोने ही वाइन करतात. हे नाव बाटलीवर लावायचं तर नियम कडक. द्राक्षं त्याच भागातली हवीत आणि वाइनही तिथेच व्हायला हवी. सुकवणं नैसर्गिक असावं, उष्णता द्यायची नाही. आणि एक डिसेंबरच्या आधी द्राक्षं चिरडायची नाहीत.

तिथून आणलेल्या द्राक्षांच्या, पण जर्मनीत होणाऱ्या वाइनला ते नाव लागणार नव्हतंच. पण मूळ वाइनशी तुलना करता यावी म्हणून बाकीचे सगळे नियम इथेही पाळायचे ठरलं होतं. म्हणून तळघरातला पंखा आणि वायूचा अलार्म दरवर्षी एक डिसेंबरला चालू होत असे. त्याआधी तिथे आंबणारं काही नसतंच, असं सगळे धरून चालत.

वरच्या मजल्यावरच्या मांडण्या पोलिसांनी तपासल्या. इटलीहून आलेली द्राक्षं जागच्या जागी होती. एकही खोकं कमी नव्हतं.

मग टाकीतला रस कुठल्या द्राक्षांचा होता?

२

तपास कोमिसार शेरर या पोलीस अधिकाऱ्यांकडे आला. ऋचाला जर्मन जेमतेम येत होतं, म्हणून त्यांनी न्यायालयाच्या यादीतल्या दुभाषी अहिल्या परचुरे यांना बोलावलं. अहिल्याबाई मूळच्या पुण्याच्या, इथे त्यांना वीस वर्षं होऊन गेली होती.

बुधवारी दुपारी ते दोघं ऋचाच्या घरी गेले. ऋचा सोफ्याच्या कडेला बसली होती. तिनं स्वेटर उलटा घातला होता. ते तिला कोणी सांगितलं नव्हतं.

"द्राक्षं त्याचीच होती," ती म्हणाली. "कियाराकडून घेतलेली. ती इटलीची बाई. तिच्या ट्रकमध्ये जास्तीची खोकी आली होती, ती यानं मागून आणली."

"आणि कुठे सुकवली?" शेररांनी विचारलं.

"खाली ट्रोकनराउममध्ये."

अहिल्याबाईंना हा शब्द भाषांतरित करावा लागला नाही. इमारतीत कपडे वाळत घालायची ती सामाईक खोली.

"शेजारची फ्राउ वेबर भांडायला आली होती. म्हणे, माझ्या चादरींना बेकरीचा वास येतो. हा म्हणाला, फुकटचा वास येतोय तर घ्या की! हायझुंग, म्हणजे हीटर, पण फुल करून ठेवलेला त्यानं तिथे."

शेरर हसले नाहीत. "म्हणजे द्राक्षं त्याची. मग रसही त्यानंच काढला असेल."

"नाही. तो म्हणत होता, एक डिसेंबरपर्यंत हात लावायचा नाही. त्यांची आणि आपली एकाच दिवशी चिरडायची, तरच कंपेअर होईल. म्हणून तर इन्स्टिट्यूटच्या फ्रीझरमध्ये नेऊन ठेवली होती."

"त्याचं कॉन्ट्रॅक्ट वाढणार नव्हतं. हे तुम्हाला माहीत होतं?"

ऋचानं अहिल्याबाईंकडे पाहिलं.

"नाही," ती म्हणाली.

शेररांनी पेन मिटलं. त्यांचा तर्क सरळ होता आणि त्यांनी तो तिथेच सांगितला. द्राक्षं सिद्धेशची, म्हणून रस सिद्धेशनं काढला. रस त्यानं काढला, म्हणजे खाली वायू असणार हे त्याला माहीत होतं. हा त्याचा विषयच होता. नोकरी जाणार हे त्याला शुक्रवारी कळलं होतं. मंगळवारी सकाळी तो पंखा न लावता खाली गेला.

अहिल्याबाईंनी ते वाक्य न वाक्य मराठीत सांगितलं. आवाज सपाट ठेवला. दुभाषाचं काम तेवढंच असतं.

शेरर फोन करायला बाहेर गेले. ऋचा उठून चहा ठेवायला लागली. उर्जा टेबलाखाली बसून डब्यातलं काहीतरी खात होती.

"काय खातेस ग?" अहिल्याबाईंनी विचारलं.

"रोझीनन," ती म्हणाली. "हाट पापा गेमाख्ट."

बेदाणे. पापानं केले. अहिल्याबाईंनी एक उचलून पाहिला. काळा, पण अंगावर चकाकी होती.

"तासगावची पद्धत," ऋचा म्हणाली. "आमच्याकडे नुसती सुकवत नाहीत. डिपिंग ऑइल आणि पोटॅशच्या पाण्यात बुडवून काढायची. सालीवरचा मेणचट थर जातो, मग भराभर सुकतात. ऑइल इथे मिळेना, तर बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी पार्सलनं पाठवलं. मेतकुटाच्या पिशव्यांमध्ये गुंडाळून. त्झोलवाल्यांनी, म्हणजे कस्टमवाल्यांनी, पिशवी फोडून वास घेतला आणि तशीच परत बांधली."

"हे इन्स्टिट्यूटमध्ये कोणाला माहीत होतं?"

"ऑइलचं? कोणाला नाही. त्या इटालियन नियमांत असलं काही बसत नाही. प्रोफेसरनं तर म्हटलं असतं, माझ्या बिल्डिंगमध्ये थेंब नको." तिनं गॅस बंद केला. चहा उकळला नव्हता. "ताई, बाबांचा काल फोन आला. एकच विचारतात. त्यानं स्वतः केलं का? बाकी काही विचारत नाहीत. मी काय सांगू?"

तेवढ्यात दार उघडलं. शेरर परत आले होते.

"रसाचा पहिला अहवाल आलाय," ते म्हणाले. "द्राक्षं शनिवारी दुपारनंतर किंवा रविवारी चिरडली गेली. त्या दोन दिवसांत तुमचे पती कुठे होते?"

३

ते कायझर्सलाउटर्नमध्ये नव्हते. शनिवारी सकाळी सिद्धेश, ऋचा आणि उर्जा हेर्त्सोगेनआउराखला सुधीर नावाच्या मित्राकडे गेले होते. रविवारी उशिरा परतले. कॅमेऱ्यात फोटो होते. सुधीरनं फोनवर दुजोरा दिला आणि मग बराच वेळ तो नुसता "हो, हो" म्हणत राहिला.

म्हणजे रस दुसऱ्या कोणीतरी काढला होता. तळघराची किल्ली सिद्धेश आणि हाउसमाइस्टरखेरीज तिघांकडे होती. हाउसमाइस्टर ते दोन दिवस ट्रियरला भावाकडे होता.

प्राध्यापक लोरेन्झ गुरुवारी स्वतःच्या खोलीत भेटले. त्यांनी दोघांनाही कॉफी विचारली आणि उत्तराची वाट न पाहता स्वतःची ओतली.

"मी त्याला शुक्रवारी सांगितलं की डिसेंबरनंतर निधी नाही. तो म्हणाला, ठीक आहे. हात मिळवला आणि गेला."

"चिडला?"

"नाही. त्यानं विचारलं, एक डिसेंबरची चाचणी तरी मी करू शकतो ना? मी म्हटलं, अर्थात."

"त्यानं घरी, कपडे वाळवायच्या खोलीत, द्राक्षं सुकवून इथल्या फ्रीझरमध्ये ठेवली होती, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"कपडे वाळवायच्या खोलीत?" प्राध्यापकांनी कप खाली ठेवला. "आणि ती माझ्या फ्रीझरमध्ये ठेवली? माझं नाव या प्रकल्पावर आहे, हेर शेरर. उत्पादकांना कळलं असतं तर त्यांनी ट्रक परत नेला असता."

उत्पादकांची प्रतिनिधी कियारा शेजारच्या खोलीत होती. ती सिगारेट न पेटवता बोटांत फिरवत होती. तिच्याकडे किल्ली होती, पण ती सोमवारी रात्रीच व्हेरोनाहून आली होती. तिकीट तिनं न मागता पुढे केलं.

"जास्तीची खोकी मीच दिली," ती म्हणाली. "मला म्हणाला, माझे वडील हेच काम पंधरा-वीस दिवसांत करतात. मी म्हटलं, मग ते आमारोने नाही, जॅम आहे. तो हसला. माझी आजी द्राक्षं सुकताना माळ्यावर मोठ्यानं बोलू द्यायची नाही. हे त्याला सांगितलं, तर म्हणाला, आमच्या शेडवर तर दिवसभर रेडिओ लावतात."

"तो एक डिसेंबरची तारीख मोडेल, असं तुम्हाला वाटतं?"

"तो? त्याला आमच्याहून जास्त पाळायची होती. हरायचं असेल तर नियमानं हरायचं, म्हणाला."

किल्लीवाला तिसरा माणूस मल्हार गोडसे होता. सिद्धेशचा सहकारी. पुण्याचा. आंबवण्याचा भाग त्याच्याकडे होता आणि द्राक्षं चिरडायचं यंत्र चालवायची परवानगी फक्त त्यालाच होती.

४

शुक्रवारी सकाळी मल्हार पोलीस ठाण्यात आला. जर्मन त्याला बरं येत होतं, पण जबाब मराठीत द्यायचाय म्हणाला. अहिल्याबाईंना पाहून त्यानं आधी वाकून नमस्कार करायला सुरुवात केली आणि मग अर्ध्यात हात पुढे केला.

"बसा," त्या म्हणाल्या. "मी इथे फक्त भाषांतर करणार आहे."

"गेनाऊ, बरोबर. कळलं."

शेररांनी विचारलं, "शनिवार-रविवार कुठे होतात?"

"घरी. शॉपिंग होतं. माझं लग्न आहे, दहा डिसेंबरला, पुण्यात. तीन तारखेला फ्लाइट."

"अभिनंदन," शेरर म्हणाले. अहिल्याबाईंनी तेही भाषांतरित केलं.

"एक डिसेंबरची चाचणी तुमच्याशिवाय कशी होणार होती?"

"आल्झो, म्हणजे, सिद्धेश बघणार होता. लग्नाची तारीख गुरुजींनी काढली आणि द्राक्षांची इटलीनं. दोघांपैकी कोणी मागे हटेना." तो हसायला गेला. "सॉरी."

"सिद्धेशनं घरी काही सुकवलं होतं?"

"मला नाही माहीत. त्यानं काही सांगितलं नव्हतं."

"ती द्राक्षं टाकीत कोणी घातली असतील?"

"त्यानंच. दुसरं कोण?"

"अहवालाप्रमाणे टाकीत आंबणं दुसऱ्या दिवशीच जोरात सुरू झालं होतं. इतक्या लवकर होतं का तसं? तुमचा विषय आहे म्हणून विचारतो."

मल्हार जरा सैल झाला. प्रश्न कामाचा होता. "होतं की. फ्रोझन द्राक्षांची साल फुटलेली असते. फक्त आधी गरम पाण्यानं धुवावी लागतात, नाहीतर त्या तेलानं यीस्ट दबतं. एकदा धुतली की मग—"

तो पुढेही बोलला. अहिल्याबाईंनी सगळं भाषांतरित केलं. मग त्यांनी वही बंद केली आणि जर्मनमध्ये म्हणाल्या, "हेर शेरर, मला स्वतःच्या वतीनं एक वाक्य बोलायचं आहे. नोंदीत तसं वेगळं लिहा."

दुभाषानं असं बोलायचं नसतं. शेररांनी भुवया उंचावल्या आणि मान हलवली.

"या खोलीत तेलाचा उल्लेख अजून कोणीही केलेला नाही."

५

मल्हारला बाहेर बसवलं. अहिल्याबाईंनी शेररांना तासगावची पद्धत सांगितली. तेलाची बाटली पार्सलमध्ये आली होती, हे ऋचानं चहा करताना सांगितलं होतं, जबाबात नाही. प्राध्यापकांना ते माहीत नव्हतं, त्यांच्या बोलण्यात फक्त खोली आणि फ्रीझर होता. रसात तेल आहे का, हे प्रयोगशाळेनं अजून तपासलंही नव्हतं. इटलीच्या माळ्यावर सुकलेल्या द्राक्षांना कोणी तेल लावत नाही. तेल धुवायला लागतं, हे त्यालाच सुचेल ज्यानं ती द्राक्षं हातात घेतली.

"आणि घाई त्यालाच होती," शेरर म्हणाले.

"हो. सुकवलेल्या द्राक्षांचा रस सुरू लवकर झाला तरी पुरा आंबायला आठवडे लागतात. एकला सुरू केला असता तर तीनच्या विमानाआधी त्याला काहीच आकडे मिळाले नसते. सिद्धेश तारीख मोडायला तयार नव्हता. मग सिद्धेश गावाला गेल्यावर यानं काम उरकलं. पंखा लावला असता तर हाउसमाइस्टरच्या फलकावर दिवा लागला असता. म्हणून तो लावला नाही."

"आणि सिद्धेश?"

"तो मंगळवारी वाडगं घेऊन खाली गेला. फ्रीझरमधून द्राक्षं काढायला. झाकण उघडलं, आत काही नाही. द्राक्षं टाकीत गेलीत हे ज्याला माहीत आहे, तो रिकामा फ्रीझर कशाला उघडेल? त्याच्या हिशोबानं तळघरात आंबणारं काही नव्हतंच. अजून डिसेंबर लागला नव्हता."

शेररांनी खिडकीबाहेर पाहिलं. मग उठून दार उघडलं.

मल्हारनं फार वेळ घेतला नाही. शनिवारी दुपारी त्यानं द्राक्षं काढली, धुतली, चिरडली, टाकीत भरली. "तो मला म्हणाला होता, तू माझ्या बापाच्या पद्धतीला चीटिंग करून जिंकवणारेस का? मी म्हटलं, अरे, बारा-तेरा दिवसांनी काय फरक पडतो?" यानंतर त्यानं पाणी मागितलं आणि ते प्यायलं नाही.

संध्याकाळी अहिल्याबाई ऋचाकडे गेल्या. आज त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. ऋचानं सगळं ऐकलं. एकदाच मधे विचारलं, "झाकण उघडं होतं?" आणि त्यांनी हो म्हटल्यावर तिनं तासगावला फोन लावला.

"बाबा, मी बोलतेय. अहो, त्यानं स्वतः नाही केलं. त्याला माहीतच नव्हतं. हो. पोलिसांनीच सांगितलं. नाही, बाबा, नक्की. नक्की."

पलीकडे वासुदेवराव काहीतरी बराच वेळ बोलत होते. मग लाइन गेली. ऋचानं रिसीव्हर ठेवला नाही. अहिल्याबाईंनी तो तिच्या हातातून घेऊन ठेवला.

६

मल्हारचं विमान तीन डिसेंबरला त्याच्याविना गेलं. पासपोर्ट पोलिसांकडे होता. चार तारखेला त्यानं वकिलासमोर दुसरा जबाब दिला. भाषांतराला अहिल्याबाईच होत्या.

या जबाबात दोन गोष्टी नव्या होत्या.

पहिली: फ्रीझरचं झाकण त्यानंच उघडं टाकलं होतं. आतला बर्फ वितळावा म्हणून, शनिवारी.

दुसरी: सोमवारी संध्याकाळी त्यानं सिद्धेशला मोबाइलवर मेसेज पाठवला होता. आधी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर रस कोणी काढला हेही सांगावं लागलं असतं. त्यानं फोन पुढे केला. मेसेज रोमन लिपीत होता. अहिल्याबाईंनी तो मोठ्यानं वाचला आणि भाषांतरित केला. 'सॉरी यार, ३ नंबर चालू केलाय. फॅन बंद आहे, खाली जाऊ नको. उद्या बोलू.' खाली मेसेज पोहोचल्याची खूण होती.

"मग वाडगं?" शेररांनी विचारलं.

"रस चाखायला लोक तेच वाडगं घेतात," मल्हार म्हणाला. त्यानं मान खाली घातलेली होती. "मी पण घेतो."

शेरर त्याच दुपारी अहिल्याबाईंना घेऊन ऋचाकडे गेले. सिद्धेशचा फोन तिच्याकडे होता. हॉस्पिटलमध्ये घड्याळ आणि पाकिटाबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत तिला दिला होता. तो अजून पिशवीतच होता. शेररांनी हातमोजे घातले आणि मेसेजची यादी उघडली. मल्हारचा मेसेज वरून सातवा होता. त्याच्यासमोरचं पाकिटाचं चित्र उघडं होतं. म्हणजे वाचलेला.

"हा तुम्ही उघडलात का?" त्यांनी विचारलं.

अहिल्याबाईंनी विचारलं.

"मी सगळेच उघडले," ऋचा म्हणाली. "त्या दिवशी, हॉस्पिटलमध्ये, बाकावर. एकामागून एक. काय लिहिलंय ते मी वाचत नव्हते. नुसतं बटण दाबत होते."

"हा उघडण्याआधी पाकीट बंद होतं की उघडं?"

 तो प्रश्नही अहिल्याबाईंनी मराठीत सांगितला.

ऋचानं फोनच्या पडद्याकडे पाहिलं. पडद्यावरचा दिवा विझला. शेररांनी बटण दाबून तो परत लावला.

"मला आठवत नाही," ती म्हणाली.

फोन माइन्झच्या प्रयोगशाळेत गेला. मोबाइल कंपनीनं कळवलं की मेसेज पोहोचल्याची वेळ त्यांच्याकडे आहे, उघडल्याची नसते. सरकारी वकिलांनी मल्हारवर निष्काळजीपणाचा आरोप ठेवायचा की नाही, हा निर्णय अहवालापर्यंत थांबवला. सिद्धेशच्या मृत्यूच्या कारणापुढचा रकानाही त्यांनी कोरा ठेवला. अपघात की आत्महत्या, दोन्हींवर खूण नाही. शवपेटी दिल्लीमार्गे पुण्याला आणि तिथून तासगावला गेली. ऋचा आणि उर्जा तिच्याबरोबर गेल्या नाहीत. तपास संपेपर्यंत थांबा, असं ऋचाला सांगण्यात आलं होतं.

१४ फेब्रुवारी २००७ रोजी प्रयोगशाळेचा अहवाल आला. मेसेज वाचला गेला आहे. तो पहिल्यांदा केव्हा उघडला, याची नोंद हे मॉडेल ठेवत नाही.

अहिल्याबाईंनी तो ऋचाला मराठीत वाचून दाखवला. तासगावला अजून काही कळवलेलं नाही.